तिसऱ्या फाळाचा वायसर

"उचला अजून थोडा. थोडा म्हटलं, काका!"

हा नांगर विकत घेणाऱ्या घाईवाले काकांना थोडा हा शब्दच ठाऊक नव्हता. त्यांनी लिव्हर असा खेचला की ट्रॅक्टरमागचा नवाकोरा तीन फाळी नांगर एकदम हातभर वर आला आणि शेजारी ढेकळांत गुडघे टेकून बसलेली मिस्त्रींची लेक दचकून मागच्या मागे आपटली. ती उठली, कपड्यांची माती झटकली, नांगराखाली लाकडाचा ठोकळा सरकवला आणि मगच आत हात घातला. लोखंडावर भरवसा ठेवावा, पण अधांतरी लोखंडावर नाही, हे तिला बापानं चालायला शिकवायच्या आधी शिकवलं होतं.

"झालं का?" काकांनी सीटवरूनच विचारलं.

"अजून पान्हासुद्धा लावला नाही."

"मिस्त्री आत्तापर्यंत चहा पिऊन परत गेले असते."

हे खरं होतं, म्हणूनच तिला जास्त झोंबलं.

मिस्त्रींच्या वर्कशॉपमधून नांगर बाहेर पडला की त्याच्यामागून मिस्त्रीही बाहेर पडायचे. बावीस वर्षांचा शिरस्ता होता. नांगर घेणाऱ्याच्या शेतात जायचं, ट्रॅक्टरला नांगर जोडायचा, पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली चर, काढायला लावायचं, खाली बसून माती बघायची. मग खिशातून भोकाची लोखंडी चकती, म्हणजे वायसर, काढून तिसरा फाळ धरणाऱ्या पायाच्या पुढच्या बोल्टाला घालायचा, बोल्ट आवळायचा आणि म्हणायचं, "हं, आता हाणा." त्यानंतर जी तिन्ही तासं निघत ती दोरी धरून काढल्यासारखी. लोक त्याला मिस्त्रींचा हातगुण म्हणत. काहीजण तर त्या वायसरला हात लावून नमस्कार करत. मिस्त्री तेव्हा दुसरीकडे बघत.

या खेपेला मात्र मिस्त्रींचा पाय प्लास्टरमध्ये होता. सगळं आयुष्य मणामणाचं लोखंड अंगाखांद्यावर खेळवलं आणि घोटा मोडून घेतला तो पंखा पुसताना स्टुलावरून पडून. त्यामुळे लेकीला जावं लागलं. सकाळी निघताना त्यांनी तिच्या हातावर वायसर ठेवला होता.

"तिसऱ्या पायाला, पुढच्या बोल्टाला. पाय आणि तो टेकतो ती बैठक यांच्या मधे."

"कशाला?"

"घाल म्हणतो ना."

घाल म्हटलं की न घालणाऱ्यांपैकी ती. तिनं आधी वायसर न घालताच तास काढायला लावलं होतं. पहिल्या दोन फाळांनी वीतभर खोल माती उलथली. तिसऱ्यानं चार बोटं कमी. त्याचं नाक किंचित वर होतं, आढ्यतेखोर माणसासारखं, आणि ते मातीत शिरण्याऐवजी मातीवरून घसरत होतं. आता तिनं बोल्ट सैल केला, वायसर घातला, आवळला, ठोकळा काढला.

"आता हाणा."

काकांनी हाणला. शेताच्या त्या टोकापर्यंत तीन तासं एकसारखी उघडत गेली, आणि उलटलेली ओली माती उन्हात चकाकायला लागली. घाईवाले काका त्या टोकाला चक्क थांबले. उतरले. चालत मागे आले.

"उतरला बरं का," ते म्हणाले, "बापाचा हात लेकीत उतरला!"

ती हसली, पण ते हसू ओठांच्या खाली काही गेलं नाही. लोखंडाला हातगुण कळत नाही. लोखंडाला माप कळतं. आठ वर्षं ती बापाच्या जोडीनं वेल्डिंग करत होती, नांगराचे नकाशे काढत होती, आणि नकाशात तिसऱ्या पायाला वायसर कुठेही नव्हता.

वर्कशॉपवर परत आली तशी ती थेट साच्याकडे गेली.

साचा म्हणजे शेडच्या मधोमध जमिनीला आवळून बसवलेला जाड लोखंडाचा चौकट-सांगाडा. नांगराचे सगळे तुकडे त्यात अडकवायचे आणि मग जोडायचे, म्हणजे प्रत्येक नांगर हुबेहूब पहिल्यासारखा होतो. तो मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं केला होता. वेल्डिंगच्या ठिणग्या उडून उडून तो काळा खरबरीत झाला होता, फक्त तुकडे टेकायच्या जागा घासून चांदीसारख्या झाल्या होत्या. तिनं तिसऱ्या पायाची बैठक घासून साफ केली आणि तिला काटकोन बघायचा गुण्या लावला. आठ वर्षांत पहिल्यांदा. बापाच्या साच्याला गुण्या कोण लावतो?

गुण्याखालून उजेड दिसला.

तिनं वायसरांचा डबा उलटा करून एक वायसर उचलला आणि त्या फटीत सरकवला. थोडी ओढाताण करून तो बसला. म्हणजे हातगुण वगैरे काही नव्हतं. साचाच तिरका होता, आणि त्यातून निघालेला प्रत्येक नांगर तिरका होता. आठशेच्या वर नांगर!

शेडच्या कोपऱ्यात जुना वेल्डर हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघत होता. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो दिवसाला तीन वाक्यं बोलायचा आणि त्यातलं एक "येतो" असायचं.

"रेडिओकाका, तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या नांगरापासून," तो म्हणाला, आणि त्यानं तोंडावर मास्क ओढून घेतला. तेवढ्यावर त्याचं प्रसारण संपलं.

तिला बापाचा राग आला. साधासुधा नाही, कानशिलं तापवणारा. 'मिस्त्रींचा नांगर डोळे झाकून घ्यावा' हे वाक्य ऐकत ती मोठी झाली होती. त्या वाक्याच्या जोरावर चांगली कंपनीतली नोकरी सोडून ती या शेडमध्ये आली होती. आणि लोक डोळे झाकत होते तेव्हा बाप काय करत होता? वायसर घालत होता!

आणि आता करायचं काय? साचा सरळ केला तर वायसर लागणार नाही. वायसर नाही म्हटलं की लोक विचारणार, का नाही? मग सगळं बाहेर येणार, आणि मिस्त्रींचा हातगुण म्हणजे मिस्त्रींची चूक झाकायचं पांघरूण होतं, असं माणसं पारावर बसून बोलणार. नाही सरळ केला तर दर नांगराला तिनं जाणूनबुजून तिरकं लोखंड जोडायचं आणि शेतात जाऊन हातगुणाचं नाटक करायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाड जुळलं तरी ढेकळांतून चालणं आता विसरा. म्हणजे ते नाटक जन्मभर तिच्याच गळ्यात.

मिस्त्री घराच्या ओट्यावर खुर्चीत बसले होते. मोडलेला पाय त्याच स्टुलावर ठेवला होता. शेजारी आई वाटाणे सोलत होती.

"कसा चालला नांगर?"

"तिसऱ्या बैठकीला साचा तिरका आहे," ती म्हणाली. "चार मिलिमीटर."

मिस्त्री काही आढेवेढे घेतील असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

"साडेतीन," ते म्हणाले. "वायसर चारचा मिळतो. मी घासून घेतो."

आईनं सोललेल्या शेंगेचं साल बाजूला टाकलं आणि टोपलीतली दुसरी घेतली.

"बाबा, अर्ध्या दिवसाचं काम होतं! कापायचं, सरळ करायचं, जोडायचं."

"रविवारी करू म्हटलं होतं."

"कुठल्या रविवारी?"

"बावीस वर्षांत तो रविवार काही उगवला नाही तुझ्या बापाचा," आई म्हणाली.

म्हणजे आईलाही माहीत होतं. लेक ओट्याच्या पायरीवर मटकन बसली.

मिस्त्रींनी गुडघ्यावरून हात फिरवला. बोलायला सुरुवात करायच्या आधी ते नेहमी तसं करत.

"पहिला नांगर खडकाळ रानात गेला. तिथं कुणाला काय कळणार? दुसरा गेला चांगल्या जमिनीत, आणि तक्रार आली. मी येऊन साचा मापला. घाम फुटला मला. तिसरा नांगर तयार होता, न्यायला ट्रॅक्टर दारात उभा. मग खिशात वायसर टाकला आणि गेलो त्याच्या मागोमाग. चोरासारखा गेलो बघ. गुपचूप घातला, तास सरळ निघालं, मालक खूश. तेव्हाच उठून येऊन साचा सरळ करायला हवा होता."

"मग?"

"मालक होता म्हातारा. वळणावर नांगर ट्रॅक्टरला अडकवायची पिन निसटून पडली. तो खाली उतरला आणि गुडघ्यांवर बसून ढेकळं चाचपायला लागला. मीही बसलो शोधायला. दुपार झाली तरी पिन सापडेना. तो मला म्हणतो, 'रोजचंच आहे हे.' रोजचंच! मी नांगर करतो, आणि पिन हरवते हे मला माहीत नाही. माझ्याकडे ती टेबलावर पडलेली असते, हात लांब केला की मिळते. परत आलो आणि पुढच्या नांगराला पिन साखळीनं बांधली."

साखळीची पिन तिला माहीत होती. चार गावांपलीकडचे कारागीर तिची नक्कल करून वापरत.

"त्याच्या पुढच्या शेतात बघितलं, ट्रॅक्टरवरून उतरताना नांगराच्या सांगाड्याचा कोपरा तिथल्या मालकीणबाईच्या नडगीला लागतो. दर वेळी तिथंच. नडगी काळीनिळी. आलो आणि कोपरा गोल केला. असं दर शेतात काही ना काही. शेडमध्ये बसून वाटायचं, मी नांगर करतो. शेतात गेल्यावर कळायचं, मी नुसते सांगाडे करतो, त्याचा नांगर हे लोक करतात."

आईनं वाटाण्यांतून मान वर केली.

"सांग की पुढचं. ग्राइंडरचं."

"एकदा खरंच घेतला होता ग्राइंडर हातात," मिस्त्री म्हणाले. "साच्याला टेकवलासुद्धा. आणि मनात आलं, हा सरळ झाला की मी शेतात जायचा नाही. मला मी पुरता ओळखतो. आळशी माणूस आहे मी. काम चोख झालं की पाय पसरून घरी बसणारा. चूक होती म्हणून बाहेर पडत होतो. ठेवला ग्राइंडर खाली."

"आठशे नांगर," लेक म्हणाली. "आठशेंच्या मागं गेलात?"

"पहिल्या दोघांकडे नंतर जाऊन वायसर घालून आलो. पुढं दोन राहिले होते. एक तुझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी आणि एक पूर आला तेव्हा. तिथं मागाहून जाऊन आलो."

राग गेला असं म्हटलं तर ते खोटं होईल. राग होताच. पण त्याच्या शेजारी खांद्याला खांदा लावून दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते रागापेक्षा भारी होतं. चुका सगळेच करतात. झाकणारे झाकतात, सुधारणारे सुधारतात आणि मोकळे होतात. पण स्वतःच्या आळसाला वेसण घालायची म्हणून स्वतःचीच चूक बावीस वर्षं उशाशी घेऊन झोपणारा आणि दर खेपेला तिची भरपाई करायला उन्हातान्हात जाणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता. तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि चांगलं खडसावावंसंही वाटलं. यातलं काहीच न करता तिनं आईच्या टोपलीतली एक शेंग उचलली.

"आता मी काय करू?"

"साचा आता तुझा आहे," मिस्त्री म्हणाले. मग स्टुलावरच्या पायाकडे बघत, "सरळ केलास तर लोक विचारतील, वायसर कुठाय?"

"विचारतील."

"काय सांगशील?"

त्यांच्या आवाजात भीती होती. तिनं ती आजवर कधी ऐकली नव्हती, त्यामुळे ओळखायलाही तिला थोडा वेळ लागला. ती शेंग सोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं साचा कापला. रेडिओनं एका बाजूनं पहारीनं तोलून धरलं, तिनं बैठक मोकळी केली, सरळ केली, चारदा मापली आणि पुन्हा जोडली. अर्ध्या दिवसाचं कामही नव्हतं ते, न्याहारीआधी झालं. रेडिओ त्या दिवशीचं दुसरं वाक्य बोलला, "बरं केलंस." घरी आली तेव्हा आईनं सांगितलं की ग्राइंडरचा आवाज सुरू झाला तसा बाबांनी कप खाली ठेवला, आवाज थांबला तेव्हा उचलला, आणि तोवर चहाचं पाणी झालं होतं.

सरळ साच्यातून निघालेला पहिला नांगर मास्तरीणबाईंचा होता. त्यांचा जुना नांगरही मिस्त्रींचाच होता. यालाच म्हणतात दैव. मास्तरीणबाईंनी तीस वर्षं शाळेत शिकवलं, निवृत्त झाल्यावर भावाची पडीक शेती हाती घेतली आणि ट्रॅक्टर चालवायला शिकल्या. गावातल्या निम्म्या माणसांना त्यांनी कधी ना कधी बाकावर उभं केलेलं होतं, त्यात मिस्त्रींची लेकही होती. त्यांना थाप मारणं आजवर कुणाला जमलेलं नव्हतं.

नांगराबरोबर जायची तशी काही गरज नव्हती. तरी ती टेम्पोत बसली. बापानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

नांगर जोडला, बाईंनी पहिलं तास काढलं. ती खाली वाकून बघत होती. एक, दोन, तीन. तिन्ही फाळ सारखे शिरत होते, तिन्हींची माती एका लयीत कलत होती. शेतभर एक बोटाचा फरक नाही. छाती भरून आली तिची, उगाच कशाला लपवा.

बाई उतरल्या, चष्मा वर सरकवला आणि नांगराच्या तिसऱ्या पायाशी वाकल्या.

"वायसर कुठाय?"

"आता लागत नाही, बाई."

"का बरं?"

नवी पद्धत आहे, असं म्हणता आलं असतं. वाटेत टेम्पोत तिनं ते वाक्य दोनदा घोकूनही ठेवलं होतं. पण बाई वर्गात बघत तशा बघत होत्या, आणि घरी स्टुलावर पाय ठेवून बसलेला माणूस तिला दिसत होता.

"आमचा साचा तिरका होता, बाई. अगदी पहिल्यापासून. बाबा वायसर घालून ते सरळ करत होते. हातगुण वगैरे काही नव्हतं. चूक होती."

सांगून झालं. ती बाईंच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"म्हणजे बावीस वर्षं," बाई सावकाश म्हणाल्या, "मिस्त्री चूक दुरुस्त करायला येत होते?"

"हो."

"प्रत्येकाकडे?"

"प्रत्येकाकडे."

"अगं, माझी मुलं एक गणित चुकलं तर वही दप्तरात दडवायची. आणि हा गृहस्थ आपली चूक घेऊन लोकांच्या बांधाबांधावर फिरला!" बाईंचा चेहरा बदलला होता. तिथं हसू होतं का आणखी काही, ते लेकीला नीट कळेना, कारण तिचेच डोळे भरून आले होते. "शाबास. त्यांना सांग, बाईंनी शाबास म्हटलंय."

"सांगते."

"पण मग तू ती सुधारलीस कशाला गं? आता तू कशाला येशील आमच्याकडे?"

बाई पुन्हा ट्रॅक्टरवर चढल्या. "जा आता, उभी का? काम झालं तुझं."

ती टेम्पोपाशी गेली, पान्ह्यांची पिशवी आत ठेवली, दार उघडलं. काम खरंच झालं होतं. चोख झालं होतं. तिनं एक पाय आत टाकला आणि सहज मागे वळून बघितलं.

ट्रॅक्टर दूरच्या बांधाशी थांबला होता. बाई खाली उतरल्या. सीटशेजारून त्यांनी एक लोखंडी गज काढला, नांगराच्या पहिल्या आणि दुसऱ्या पायांमध्ये घालून जोर लावला, गुंतलेल्या धसकटांचा नि मुळांचा एक गठ्ठा बाहेर पाडला, कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या आणि पुन्हा चढल्या. या टोकाला आल्यावर परत तेच. त्या टोकाला गेल्यावर परत तेच. मिस्त्रींची लेक दार धरून मोजत राहिली. पाचव्यांदा बाई उतरल्या तेव्हा तिनं टेम्पोचं दार लावलं आणि ढेकळं तुडवत शेतात गेली.

"बाई, दर वेळी उतरावं लागतं?"

"मग? नांगर म्हटला की उतरणं आलंच."

"बाबांना कधी बोलला नाहीत?"

"बोलायचंय काय त्यात? आणि जुन्या नांगराच्या वेळी मिस्त्री होते ते पहिल्या तासापुरते. तेव्हा कुठं अडकतंय? हे सुरू होतं शेत थोडं नांगरून झाल्यावर." बाईंनी गज सीटशेजारी ठेवला आणि त्या चढायला वळल्या. दुखरा गुडघा हातानं धरून त्यांनी पाय पायरीवर उचलून ठेवला.

लेक नांगराशेजारी बसली होती. दोन पायांच्या मधल्या जागेत तिनं हात घातला, वीत पसरून बघितली, मग पुन्हा, तिरकी करून.

"बाई, ट्रॅक्टर बंद करा जरा," ती मान वर न करता म्हणाली. "आणि तो गज द्या इकडे. तुम्ही कसा लावता ते मला दाखवा."